तुम्ही विचारलंत म्हणून : नागपुरात मॅस्डेव्हालिया जगते का?

आमच्याकडे येणारा पाहुणा मागच्या खोलीतील काचेच्या दाराच्या फ्रिजसमोर थांबतो, आत थंड पेयांऐवजी मॅस्डेव्हालिया या थंड डोंगरांतील ऑर्किडांच्या कुंड्या पाहून हसतो आणि विचारतो, की ४५ अंशांच्या या गावात ही ऑर्किडे मे महिना कसा काढतात? माझा अनुभव असा, की मे महिन्यापेक्षा जुलै अधिक घातक आहे.

मॅस्डेव्हालिया कॉक्सिनिया ही गडद गुलाबी फुलांची वनस्पती कोलंबियातील अँडीज पर्वतात, साधारण २५०० मीटर उंचीवर वाढते. तेथे दिवस विशीच्या आसपास, रात्र १०-१२ अंशांची आणि धुके नेहमीचे. पाणी साठवणारे फुगीर खोड तिला नसल्यामुळे मुळे कोरडी पडलेली तिला चालत नाहीत, आणि उबदार रात्र तर मुळीच चालत नाही. कारण दिवसभर तयार केलेली साखर अशा रात्री श्वसनातच खर्च होते आणि वाढीसाठी काही उरत नाही.

माझे पहिले रोप मी वाळ्याच्या ताट्या लावलेल्या कूलरसमोर ठेवले होते. मेमधील कोरड्या हवेत पाण्याचे बाष्पीभवन झपाट्याने होत असल्याने रात्री तेथे पारा २१-२२ अंशांपर्यंत उतरे आणि रोप कसेबसे तग धरून होते. पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली, कूलर नुसता वारा घालू लागला आणि पारा २४ च्या खाली येईना. साऱ्या शहराला हायसे वाटत असताना माझ्या रोपाची पाने एकेक करून गळाली.

त्यानंतर हा जुना फ्रिज घेतला. त्याला वेगळा तापमान-नियंत्रक जोडून रात्री १२ आणि दिवसा २० अंश ठेवतो. आत एलईडी दिवे आणि संगणकातील छोटा पंखा आहे, कारण कोंडलेल्या ओल्या हवेत पानांवर काळे डाग पडतात. बोअरच्या पाण्यातील क्षार मुळे जाळतात, म्हणून पावसाचे पाणी पिंपात साठवतो. वीज गेली की बर्फाच्या बाटल्या आत ठेवतो. (विजेच्या बिलाविषयी घरात बोलणे मी टाळतो.)

मात्र हे तुमचे पहिलेच ऑर्किड असेल, तर या भानगडीत पडू नका. विदर्भाच्या जंगलांत झाडांवर वाढणारी व्हॅन्डा टेसेलाटा रोपवाटिकेतून आणा, जंगलातून ओरबाडून नव्हे, आणि अंगणातील आंब्याच्या खोडाला सुतळीने बांधा. आमचीही अशीच आंब्यावर आहे आणि तिला फ्रिज लागत नाही.