पाठीवरचं मीठ

फेब्रुवारीत बाबा मिठागरातून घरी आले की आई त्यांचा शर्ट उलटा करून दोरीवर टाकायची. वाळला की पाठीवर पांढरे नकाशे उमटायचे, कडेला दाट, मध्ये पुसट. मला वाटायचं, मिठागराचं पाणी उडालं असेल. पण मिठागरातलं पाणी पायांवर उडतं, फार तर पोटापर्यंत. पाठीला ते लागत नाही. पाठीवरचं ते मीठ बाबांच्या अंगातलं होतं.

मार्च उजाडेपर्यंत ते नकाशे फिके व्हायचे. ऊन वाढलेलं असायचं, घामही जास्त, शर्ट पिळावा इतका ओला. तरी डाग कमी. "आतां आंगाक संवय जाली," बाबा म्हणायचे आणि पेजेच्या ताटाकडे वळायचे. सोबत चेपणीचं तोर असायचंच. मिठात मुरलेली कैरी आणि पेज. गेलेलं पाणी आणि गेलेलं मीठ एकाच ताटात परत.

बारावीला जीवशास्त्र शिकवायला लागले तेव्हा बाबांच्या त्या एका वाक्याचा अर्थ कळला. घामाच्या ग्रंथीच्या तळाशी जो द्रव तयार होतो तो जवळजवळ रक्तातल्या द्रवाइतका खारट असतो. तो नळीतून वर त्वचेकडे येताना वाटेत नळीच्या भिंती त्यातलं मीठ परत ओढून घेतात. किती ओढायचं, हे मूत्रपिंडावर बसलेल्या ग्रंथीतून येणारं अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक ठरवतं. उन्हात रोज राबायला लागल्यावर दहा ते चौदा दिवसांत हा हिशोब बदलतो. घाम लवकर सुटतो, जास्त येतो, पण पातळ येतो. राबणं थांबलं की काही आठवड्यांत शरीर हे विसरतं. म्हणून दर वर्षी फेब्रुवारीत बाबांच्या पाठीवर नकाशा पुन्हा पहिल्यापासून.

आमचं मिठागर रायबंदरच्या अंगाला. पणजीहून येताना पोर्तुगिजांनी सतराव्या शतकात बांधलेला लांबलचक बांध-रस्ता लागतो, त्याच्या कडेची ही खाजनं, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या सखल जमिनी. भरतीला मानस, म्हणजे बांधातलं दार, उघडून मांडवी नदीचं पाणी आत घ्यायचं, एका खणातून दुसऱ्यात फिरवत आटवायचं आणि शेवटच्या खणात मीठ धरायचं. तळ पायांनी तुडवून घट्ट केलेला असतो. त्यावर चालताना तो पायाला ताकासारखा गार लागतो आणि वरचं पाणी मात्र चटके देतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार. शेवटच्या खणात तेच 300 ग्रॅमच्या आसपास जातात. या पाण्यात काही जगत असेल असं लहानपणी मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. पण एप्रिलमध्ये त्याच खणांवर गुलाबी झाक येते, आणि ती झाक सजीवांची आहे.

दोन वर्षांपूर्वी त्या पाण्याची छोटी बाटली मी प्रयोगशाळेत नेली. एक थेंब काचपट्टीवर घेतला, वर पातळ काच ठेवली. चारशे पट मोठं केल्यावर आधी दिसल्या त्या नारिंगी-हिरव्या, लंबगोल, दोन शेपट्यांनी पोहणाऱ्या पेशी. ड्युनालिएला नावाचं हे शेवाळ. त्यांच्या मागे, नीट डोळा लावल्यावरच, बारीक रेघांसारखे हॅलोआर्किया. त्यांना पूर्वी सरसकट बॅक्टेरियाच म्हणत. आर्किया हे जीवांचं वेगळंच घराणं आहे हे 1977 साली कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी दाखवलं, आणि मिठातल्या या रेघाही त्याच घराण्यातल्या निघाल्या. रायबंदरच्या मिठागरातल्या हॅलोआर्कियांवर इथल्याच संशोधकांनी काम केलं आहे. त्याबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला घरातल्या माणसाचं नाव छापून आल्यासारखं वाटलं होतं.

मग काचेच्या एका कडेला नळाच्या पाण्याचे दोन थेंब सोडले आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावला, म्हणजे गोडं पाणी हळूहळू आत ओढलं जातं. आधी रेघा आखडल्या. मग गोल झाल्या. मग त्या जागी काहीच नव्हतं. मिनिटभरात सगळं संपलं. मी डोळा काढला, काच पुसली, परत लावला. खरंच काही नव्हतं.

बाहेरचं मीठ आपल्यातलं पाणी ओढून नेईल, म्हणून हे जीव स्वतःच्या आतही क्षार भरून ठेवतात, मुख्यतः पोटॅशियम क्लोराइड. त्यांची प्रथिनं त्या खारेपणातच नीट घडीत बसलेली असतात. मीठ काढून घ्या, घडी उसवते, भिंत सुटते, पेशी फुटते. आपण ज्याला जीवन म्हणतो ते गोडं पाणीच त्यांचा जीव घेतं. आणि त्यांची तयारी केवढी! गरम खारट पाण्यात प्राणवायू फार कमी विरघळतो, तेव्हा हॅलोबॅक्टेरियमसारखे काही जण सरळ उजेडावर चालतात. त्यांच्या आवरणात एक जांभळं प्रथिन असतं, आपल्या डोळ्यातल्या प्रथिनासारखंच उजेड टिपणारं. ओस्टरहेल्ट आणि स्टोकेनियस यांनी ते 1971 साली ओळखलं. म्हणजे बाबा ज्या उन्हाला डोक्यावर पंचा टाकून तोंड देत, त्याच उन्हावर पायाखालचं पाणी जगत होतं.

ड्युनालिएलाची तऱ्हा वेगळी. तिला ताठ भिंत नाही. पाणी खारट झालं की ती आक्रसते आणि मग आत ग्लिसरॉल तयार करून परत फुगते. पाणी पातळ झालं की ते ग्लिसरॉल कमी करते. माझ्या काचपट्टीवरचं पाणी पातळ झालं होतं, पण पुरतं गोडं नाही. त्यातल्या काही पेशी फुटल्या. काही फुगून गोल झाल्या, थबकल्या, आणि वीसेक मिनिटांनी त्यांतल्या दोन-तीन पुन्हा पोहू लागल्या. तोपर्यंत तासिका संपून गेली होती आणि मुलं निघून गेली होती. मला त्यांना हाका मारून परत बोलवावंसं वाटत होतं.

तेव्हापासून मला वाटतं, आमच्या खाजनात मीठ हे खरं संकट नाहीच. संकट आहे जून. मे महिन्यात रायबंदरला मांडवी जवळजवळ समुद्राइतकी खारी असते आणि जुलैत तीच गढूळ, गोडी होऊन वाहते. जो कोणी इथे राहतो त्याला दोन्ही नद्यांत राहावं लागतं. फेरीने पलीकडे चोडणला उतरलं की सलीम अली अभयारण्याच्या काठाच्या खारफुटीत तिवराचं पान उन्हाळ्यात उलटून बघा, जीभ लावा. खारट. मुळातून आलेलं मीठ ते पानावरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं, पुढे पाऊस ते धुऊन नेतो. शेजारचा कांदळ मीठ बहुतेक सगळं मुळाशीच अडवतो. खाजनातला कोरगुट भातही पावसाने माती धुऊन निघेपर्यंत थांबतो आणि मग उरलेला खारेपणा सोसत वाढतो. एका वर्षी पावसाळा ओसरताना, नदी पुन्हा खारट होऊ लागली तेव्हा, आमच्या शेजाऱ्यांचा बांध फुटला होता. संकरित भात आठवड्यात करपलं. कोरगुटाच्या कडेच्या चार ओळी पिवळ्या पडल्या, आणि पुन्हा हिरव्या झाल्या.

माणसाला यातलं फार थोडं जमतं. आपलं मूत्रपिंड समुद्राच्या पाण्यापेक्षा खारट मूत्र करू शकत नाही, म्हणून खारं पाणी प्यायलं की तहान वाढतच जाते. त्या मानाने घामाची ती सवय मला फार मोलाची वाटते. बाबांनी ती पस्तीसेक वेळा तरी नव्याने कमावली असेल.

आता अवकाळी पाऊस एप्रिलातच येतो. एक सर पडली की खणातलं मीठ विरघळतं आणि पंधरा दिवसांची मेहनत जाते. शेजारची दोन मिठागरं सुटली, तिथे तिवर वाढलं. आमचं मिठागर चुलतभाऊ अजून करतो. बाबा बांधावर जाऊन बसतात, वयामुळे उतरत नाहीत.

पण त्या गुलाबी रेघा जूनमध्ये कुठे जातात? सगळ्या मरत नाहीत. मिठाचा खडा धरताना त्याच्या पोटात खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म कप्पे अडकतात आणि त्यांत काही जण जिवंत राहतात. झावळ्यांनी शाकारलेल्या राशीत, आईच्या चिनीमातीच्या बरणीत. गेल्या महिन्यात मी त्या बरणीतले चार खडे उचलले, दाट खारट पाण्यात टाकले, खाद्य म्हणून चिमूटभर यीस्ट एक्स्ट्रॅक्ट घातलं आणि बाटली पूर्वेच्या खिडकीत ठेवली. तीन आठवडे काही नाही. काल सकाळी बाबांनी ती उचलून उजेडासमोर धरली, थोडी हलवली आणि मला हाक मारली. तळाशी नव्हे, सगळ्या पाण्यातच, फिक्या कोकमाच्या रंगाची झाक होती.