कलमाखालच्या उड्या मारणाऱ्या अळ्या

गडग्यालगतच्या हापूसच्या कलमाखाली पडलेला आंबा फोडला की पांढऱ्या अळ्या अंगाची कमान करून टणाटण उडायच्या, हे आमच्या वर्गातल्या सगळ्यांना आठवत असेल. ‘किडका आंबा’ म्हणून आम्ही तो फेकून द्यायचो. ती फळमाशीची अळी. शाळेच्या आवारात आज कलमं आहेत, म्हणून सुवर्णमहोत्सवी अंकात तिच्याविषयीच लिहितो.

मादी तयार होत आलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. आतल्या अळीपर्यंत फवारणी पोचत नाही. पुढे ती मातीत शिरून कोष करते. म्हणजे उपाय करायचा तो नर-मादीची गाठ पडण्याआधी, आणि तो वासाने करता येतो.

हा वास मिथाइल युजेनॉलचा. त्याकडे नरच धावतात. नर ते सोंडेने चाटतो, त्यापासून अंगात नवी द्रव्यं तयार होतात, ती मागच्या टोकाच्या ग्रंथीत साठतात. तिन्हीसांजेला पंख फडफडवत तो ती हवेत सोडतो आणि मादी त्याच्याकडे येते. न चाटलेला नर या चढाओढीत मागे पडतो. तुळशीतही हे द्रव्य असतं. पानं चुरगळून बागेत ठेवा, नर येऊन बसतात. बिहारमधल्या पुसा इथे काम करणारे हॉवलेट यांनी सिट्रोनेला तेलावर नर जमतात हे १९१२ मध्ये नोंदवलं.

एकदा पोटभर चाटलेला नर पुढे बरेच दिवस या वासाला फारसा दाद देत नाही. म्हणून कोय धरू लागली की या वासाने नरांना ओढून मारणारे सापळे टांगावेत. आंबे पडू लागल्यावर टांगून उपयोग थोडा. मादीची नराशी गाठ आधीच पडलेली असेल तर सापळा नरांनी गच्च भरला तरी आंबा किडतोच.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा हेक्टरी चार पुरतो. आतला प्लायवुडचा ठोकळा अल्कोहोल, मिथाइल युजेनॉल आणि मॅलेथिऑन हे कीटकनाशक यांच्या ६:४:१ मिश्रणात ४८ तास भिजवलेला असतो. मुलांच्या हाती हे काम देऊ नये, तयार ठोकळाच आणावा. सापळा पुरुषभर उंचीवर, सावलीतल्या फांदीला टांगावा. तारेला ग्रीस लावलं नाही तर मुंग्या मेलेल्या माश्या ओढून नेतात आणि सापळा रिकामा पाहून वाटतं, माशीच नाही. फार होणारी चूक म्हणजे ठोकळा हाताळलेल्या हातानेच डबा पुसणं: मग नर बाहेरच्या बाजूला चाटत बसतात, आत जातच नाहीत. हातमोजे घालावेत. दीड-दोन महिन्यांनी ठोकळा बदलावा. काकडी, पडवळाच्या मांडवाला मात्र हा ठोकळा चालत नाही; तिथली माशी वेगळी, तिला क्यू-ल्यूर हे दुसरं गंधद्रव्य लागतं.

पडलेले आंबे रोज गोळा करून दोन फूट खोल पुरावेत. ते तसेच राहिले तर सापळ्याचं निम्मं काम वाया जातं. २०१४ मध्ये युरोपीय संघाने हापूससकट भारतीय आंब्यांची आयात काही काळ बंद केली ती फळमाशीपायीच, त्यामुळे शेजारच्या बागायतदारांनाही सोबत घ्यावं.

दर शनिवारी सातवी-आठवीच्या मुलांनी सापळा उघडून माश्या मोजाव्यात आणि आकडा फळ्यावर लिहावा. भिंगातून शेपटाकडचं टोक पाहावं. मादीचं टोकदार असतं, अंडी सालीत घालता यावीत म्हणून. सापळ्यातल्या माश्यांचं गोल दिसेल.