बेरीज जुळली, घटक जुळेनात

त्या सकाळी जानेवारीतल्या सोलापूरचा पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांचा आलेख उघडला, तर आमच्या हवा-प्रदूषणाच्या संगणकी मॉडेलची रेघ मोजमापाच्या रेघेवर जवळजवळ बसलेली. सर खूश. "चला, जुळलं एकदाचं." मी चहाला निघालेच होते, तेवढ्यात हवेतले कण पकडणाऱ्या फिल्टरच्या रासायनिक तपासणीचे आकडे मेलवर आले आणि चहा राहून गेला.

बेरीज बरोबर होती, पण आतला हिशोब पार चुकलेला. मॉडेलमध्ये धूळ भरमसाट आणि सेंद्रिय कण, म्हणजे धुरातून येणारे कार्बनयुक्त कण, फिल्टरवरच्या निम्म्याहूनही कमी. एक चूक दुसरीला झाकत होती. असा जुळलेला आलेख मला न जुळलेल्यापेक्षा जास्त खटकतो.

धुळीचं कारण लगेच सापडलं. उडणारी धूळ वाऱ्याच्या वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. वेग जरा जास्त धरला की आकडा फुगतो. सेंद्रिय कण मात्र इतके सरळ नाहीत.

दुपारी फिल्टर बदलायला गच्चीवर गेले. खाली कुंपणाशी वॉचमनमामांनी पाला पेटवला होता, वर दोन-चार प्लॅस्टिकच्या पिशव्या. धूर काळपट, डोळ्यांना झोंबणारा, सरळ आमच्या पंपाकडे येणारा.

"मामा, हे रोज?"

"रोजचंच हाय की ओ मॅडम. थंडी किती पडलीया."

प्रदूषण कुठून किती येतं त्याच्या आमच्या यादीत, मॉडेलच्या ३ किलोमीटरच्या त्या चौकोनात वाहनं होती, चुली होत्या, कारखान्यांचे बॉयलर होते. मामांचा पाला नव्हता. शहराबाहेरचं पेटलेलं उसाचं पाचट आणि हुरड्याच्या आगट्या तर कुठल्या रकान्यात घालायच्या?

बरं, घातल्या तरी भागत नाही. धुरातला बराच सेंद्रिय भाग तुपासारखा असतो, गारव्यात घट्ट, उन्हात पातळ. हवेत विरळ झाला की त्यातला काही वाफ होतो, ती वाफ उन्हात ऑक्सिडीकरण होऊन पुन्हा कण बनते. डिझेलच्या धुराबाबत हे कार्नेगी मेलनच्या गटाने २००७ मध्ये 'सायन्स'मध्ये मांडलं. आमच्या मॉडेलच्या जुन्या मांडणीत मात्र कण एकदा कण झाला की कायमचा कण. शिवाय वाफेतून किती कण बनतात हे प्रमाण येतं प्रयोगशाळेत वाफ भरून ठेवायच्या टेफ्लॉनच्या मोठ्या पिशव्यांमधून, आणि तिथं वाफ भिंतींनाच चिकटते. काही प्रयोगांत त्यामुळे कणांची निर्मिती चौपटीपर्यंत कमी धरली गेल्याचं २०१४ मध्ये दिसलं. फिल्टरही काही धुतल्या तांदळाचा नाही. तो कार्बन मोजतो. त्यावरून सेंद्रिय वस्तुमान काढायला १.४ ने गुणायचं की २ ने, हे धूर ताजा की शिळा यावर ठरतं.

संध्याकाळी बैठक होती. उपाययोजनांचा खर्च बघणारे अधिकारी म्हणाले, "मॅडम, एकूण जुळतंय ना? मग अडलं कुठं?"

मी मॉडेलचे दोन रन, म्हणजे दोन वेगळ्या मांडणींनी चालवलेले हिशोब दाखवले. जुळलेल्या रनमध्ये रस्ते झाडायची यंत्रं आणली की हवा झकास सुधारते, उघड्यावरचं जाळणं थांबवून काहीच हलत नाही. धूळ आणि सेंद्रिय भाग दोन्ही दुरुस्त केलेल्या रनमध्ये नेमकं उलटं, पण एकूण आकडा मोजमापाच्या वर जातो.

"यातलं खरं कुठलं?"

"दुसरं खऱ्याच्या जवळ आहे, साहेब. पण हवा किती सुधारेल याचा एकच टक्का मागू नका, कमीत कमी ते जास्तीत जास्त असा पट्टा देते."

त्यांनी पट्टा लिहून घेतला, कपाळाला आठी घालूनच. मग विचारलं, "रात्रीचे वेगळे फिल्टर लावले तर हा पट्टा अरुंद होईल का?" होईल म्हटलं. पंप कुणाच्या खर्चाने, यावर पुढचा अर्धा तास गेला.