मुठीची मजबुती

चाकूची गोष्ट निघाली की माणसे पात्याचे कौतुक करतात. पोलाद कोणते, त्याला पाणी कसे दिले आहे, धार किती टिकते, याची चर्चा रंगते आणि मुठीकडे कोणी पाहतही नाही. फांद्या छाटणे, दोरखंड कापणे, लाकूड फोडणे अशा दांडग्या कामाला जुंपलेला चाकू मात्र पुष्कळदा मुठीपाशीच हार खातो. बोथट पात्याला पुन्हा धार लावता येते. मूठ एकदा डुगडुगू लागली, की हात नकळत जोर आवरता घेतो आणि तिथेच त्या चाकूचे काम संपते.

हाताला सर्वांत प्रिय असणारे लाकूड या बाबतीत थोडे लहरी आहे. हवेतला दमटपणा वाढला की ते फुगते, कमी झाला की आकसते, आणि हे सगळे मुख्यतः रेषांच्या आडव्या दिशेने घडते. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही. आतले पोलाद दमटपणाला दादच देत नसल्यामुळे रिवेटच्या, म्हणजे मूठ पोलादाला जखडणाऱ्या धातूच्या खिळीच्या, भोवती ताण साठत जातो, आधी केसासारखी फट पडते आणि त्या फटीतून पाणी आत शिरते. पुढचे काम गंज करतो. गंजाला मूळच्या लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे आत धरलेला गंज मुठीच्या दोन्ही बाजूंना पाचरीप्रमाणे रेटत राहतो. मूठ फुटली की आपण लाकडाला बोल लावतो; खरा दोष बहुधा पोलाद आणि लाकूड यांच्यामधल्या सांध्याचा असतो. शिसव आणि साग यांच्यात मुळातच तेलाचा अंश असल्याने ती लाकडे अधिक काळ तग धरतात. निर्वात पात्रात राळ भरून पक्के केलेले लाकूड त्याहून निर्धास्त, पण त्याचा स्पर्श अर्धा प्लॅस्टिककडे झुकलेला असतो, हे मला नोंदवलेच पाहिजे.

चामड्याच्या चकत्या एकावर एक रचून दाबलेली मूठ मला दिसायला फार आवडते. 1942 मध्ये अमेरिकी मरीन सैनिकांसाठी स्वीकारलेल्या चाकूची मूठ अशीच होती. घामेजलेल्या हातातही ती सटकत नाही, मात्र सततच्या ओलीत तिला बुरशी धरते आणि कोरडी पडली की चकत्या आकसून सैल होतात. हाड आणि शिंग यांना घाव सोसत नाही. दगडावर पडले की त्यांचा कपचा उडतो. सर्वांत कृतघ्न पदार्थ सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचे प्लॅस्टिक. जुन्या घडीच्या चाकूंवर ते मोठ्या हौसेने बसवलेले दिसते, परंतु म्हातारपणी ते कुजते, त्यातून आम्लधर्मी वाफा निघतात आणि ज्या पात्यासाठी मूठ घडवली त्याच पात्याला ते गंजवते, शेजारच्या चाकूंनाही सोडत नाही.

रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकेलंडने 1907 मध्ये फिनॉलिक राळ (बेकेलाइट हे कृत्रिम प्लॅस्टिक) साधली आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत, 1910 च्या सुमारास, कापड किंवा कागद त्या राळेत भिजवून, तापवून, दाबून केलेला मायकार्टा आला. तो मूळचा विजेच्या यंत्रांत निरोधक म्हणून वापरण्यासाठी होता. जाड कॅनव्हासचा मायकार्टा ओला झाला की उलट अधिक पकड देतो, आणि वापराने काळवंडत जाऊन हाताशी ओळख वाढवतो. काचतंतू आणि इपॉक्सी नावाची कृत्रिम राळ यांचा जी-टेन त्याच्याहूनही टणक व पाण्याला जवळपास अभेद्य. मात्र तो घासताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असल्याने मुखपट्टीवाचून त्याच्या वाटेला जाऊ नये. शिवाय खरखरीत जी-टेन दिवसभर हातात असला की तळवा सोलवटतो, म्हणून मी तरी मायकार्ट्याच्या बाजूने मत देईन.

कार्बन तंतूची मूठ हलकी आणि ताठ असते, पण धक्का न शोषता तो मनगटाकडे पाठवते. टायटॅनियम गंजत नाही, तरी ओल्या हातात निसटते. रबर धक्का छान पचवते, पण तेलाच्या संगतीत कालांतराने फुगते किंवा चिकट होते. दिसायला अगदीच सामान्य असलेले, काचतंतू मिसळलेले नायलॉन मात्र आपटले तरी सहजासहजी मोडत नाही. खाटीककामाच्या सुऱ्यांवर तर प्लॅस्टिकची मूठ पात्याच्या शेपटीवरच, म्हणजे मुठीत जाणाऱ्या भागावरच, ओतून बसवतात. त्यामुळे रक्त आणि पाणी शिरायला फटच राहत नाही, आणि घरच्या देखण्या सुरीहून ती दणकट निघते, हे मला थोडे अन्यायकारक वाटते.

ज्यांना मुठीची निगा राखायची हौस आहे, त्यांनी चिकटवलेल्या मुठीपेक्षा स्क्रूने आवळलेली मूठ निवडावी. ती उतरवून खालचा गंज पुसता येतो, तेलाचा पातळ हात फिरवता येतो, आणि एक पट्टी तडकली तर तेवढीच बदलता येते.