पूर ओसरल्यावर भिंत वाळवायला शिकवताना

पाणी उतरलं की पहिला सल्ला ठरलेला: दारं-खिडक्या सताड उघडा, पंखे लावा. जानेवारीत टाकी फुटून घर भिजलं असेल तर सल्ला अगदी बरोबर. पण २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं, तशा दिवसांत तो महागात पडतो. बाहेर २७ अंश तापमान आणि ८८ टक्के आर्द्रता असेल, तर एक किलो हवेत जवळजवळ २० ग्रॅम वाफ असते. पुण्यात जानेवारीच्या दुपारी २९ अंश आणि ३० टक्के असेल, तर हीच वाफ साडेसात ग्रॅम. पहिल्या हवेला बाहेर ठेवायचं, दुसरीला ब्लोअर लावून आत ओढायचं. घर वाळवायच्या कामावर नव्या मुलांना घ्यायचं असेल, तर पहिल्या दिवशी यंत्राला हात लावू देऊ नये. टक्के बाजूला ठेवून ग्रॅममध्ये विचार करायला लावावं.

या कामाचं रीतसर शिक्षण अमेरिकेत बसलेलं आहे. तिथल्या आयआयसीआरसी या संस्थेचं एस५०० हे मानक जगभर वापरलं जातं, आणि तिच्या वाळवणीच्या अभ्यासक्रमात मुद्दाम भिजवलेलं घर शिकाऊंच्या ताब्यात देतात. पद्धत उत्तम आहे. पण ते घर असतं लाकडी सांगाड्याचं, जिप्सम बोर्डाचं. बोर्ड भिजला की कापून फेकला, आतलं लाकूड वाळवलं, काम संपलं. आपल्याकडची २३० मिलिमीटरची विटांची भिंत कापून कुठे फेकणार? विटांच्या आयएस १०७७ या भारतीय मानकाप्रमाणे साध्या विटेला वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषायची मुभा आहे. १५ टक्के धरले, तरी तीन मीटर लांबीची आणि दीड मीटर उंचीपर्यंत भिजलेली एक भिंत अडीचशे लिटरच्या वर पाणी धरून बसते. तेवढ्या पाण्याची वाफ व्हायला सुमारे १७० युनिट (किलोवॉट-तास) उष्णता लागते. चार दिवसांत घर कोरडं करून देतो म्हणणाऱ्या ठेकेदाराला हा हिशोब विचारावा.

म्हणून सरावाची खोली आपल्या बांधकामाची हवी. तीन बाय तीन मीटर पुरे. एक भिंत विटांची, एक एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची), कोकणात काम करायचं असेल तर एक चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, आणि चौथी जिप्सम बोर्डाची. विटांच्या अर्ध्या भिंतीला नुसतं १२ मिलिमीटर प्लास्टर, उरलेल्या अर्ध्याला वर पुट्टी आणि प्लॅस्टिक इमल्शन. कोपऱ्यात बाथरूमचा सनकन (खाली घेतलेला) स्लॅब, वीटबॅट म्हणजे विटांचे तुकडे भरून वर टाइल लावलेला. बांधल्यावर पाणी मारून झालं की किमान दोन-तीन महिने सुकू द्यावी, नाहीतर बांधकामाचंच पाणी पुराचं म्हणून मोजलं जातं. मग आतून बांध घालून ४५ सेंटिमीटर पाणी ४८ तास उभं ठेवायचं. पाणी काढल्यावर ओलीची रेषा पाण्याच्या रेषेच्या वर चढलेली असते. विटेतून केशाकर्षणाने पाणी वर जातं, आणि इमल्शनच्या बाजूला ते डोळ्यांना दिसतही नाही. रंगाने झाकलेली ही बाजू शेजारच्या उघड्या प्लास्टरपेक्षा किती मागे राहते, हे रोजच्या आकड्यांत दिसलं की खरवडणी आधी का करायची, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता यंत्राची परीक्षा. डीह्युमिडिफायर म्हणजे हवेतली वाफ काढून घेणारं यंत्र; त्याच्या तोंडाशी आणि मागे थर्मो-हायग्रोमीटर (तापमान आणि आर्द्रता दाखवणारा मीटर) धरायचा. आत जाणारी हवा ३० अंश, ६० टक्के. बाहेर येणारी ३३ अंश, ५१ टक्के. नवखा मुलगा खूश होतो, नऊ टक्के उतरले! तापमान आणि आर्द्रतेवरून वाफेचे ग्रॅम देणारा तक्ता काढून बघा: दोन्ही ठिकाणी वाफ १६ ग्रॅमच आहे. यंत्राने हवा फक्त तापवली, पाणी थेंबभरही काढलं नाही. गॅस गेला असेल, फिल्टर गाळाने बुजला असेल किंवा कॉइलवर बर्फ धरला असेल. धड यंत्राची हवा ३८ अंश, २८ टक्के अशी निघते, म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या आसपास. फरक सुमारे ४.४ ग्रॅम. यंत्रातून ताशी ३०० घनमीटर हवा जात असेल तर ती साधारण ३४५ किलो भरते. ३४५ गुणिले ४.४, म्हणजे ताशी दीड लिटर, दिवसाला ३६. हा आकडा कागदावर काढून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी बादलीत मोजायचा. दोन्ही जुळेपर्यंत पुढचा धडा नको. खोक्यावर छापलेले लिटर बहुधा ३० अंश आणि ८० टक्क्यांना मोजलेले असतात. खोली कोरडी होत जाते तसे ते निम्म्यावर येतात, आणि खोलीचं तापमान ३५ च्या वर गेलं की बहुतेक कॉम्प्रेसरवाल्या यंत्रांचा दम कमी होतो.

ओल मोजायची हत्यारं तर आणखी फसवी. पिनांचा मीटर लाकडासाठी बेतलेला असतो. विटेवर किंवा प्लास्टरवर तो दाखवतो ते खरे टक्के नव्हेत, नुसती तुलना. भिंतीला लोणा लागलेला असेल, तर क्षारांतून वीज जाते आणि कोरड्या भिंतीवरही काटा चढतो. पिनांशिवायचा, पृष्ठभागावर टेकवायचा मीटर आणखी एका जागी हमखास खोटं बोलतो: कॉलम आणि विटकाम जिथे मिळतात तिथे प्लास्टरखाली चिकन मेश, म्हणजे तारेची जाळी असते. उभ्या सरळ पट्टीत मीटर ओरडायला लागला आणि दोन्ही बाजू शांत असल्या, तर ती जाळी आहे. अर्थिंगची वायर किंवा लोखंडी कंड्युटही असंच करते. सरावाच्या खोलीत जाळी मुद्दाम घालावी आणि कुठे आहे ते सांगू नये.

खरा आकडा हवा असेल तर माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेतला रॅपिड मॉइश्चर मीटर कामाला येतो. ड्रिलने ३०, ७० आणि ११० मिलिमीटर खोलीवरचा भुगा घ्यायचा. ड्रिल हळू फिरवायचं, पातं तापलं की पाणी तिथेच उडून जातं. भुगा लगेच बंद डबीत भरून तोलायचा, कॅल्शियम कार्बाइड आणि पोलादी गोळ्यांबरोबर बाटलीत हलवायचा, दाब वाचायचा. इथे दोन गोष्टी विसरल्या जातात. काट्यावरचे टक्के ओल्या वजनाचे असतात, काट्यावरचे २० म्हणजे कोरड्या वजनाचे २५. आणि बाटलीत तयार होतो तो ॲसिटिलीन, त्यामुळे झाकण उघडायचं ते मोकळ्यावर, विडी-काडीपासून लांब. भिंतीतल्या तिन्ही पातळ्यांचे आकडे शेजारी लिहिले की पृष्ठभाग कोरडा आणि पोट ओलं हे चित्र समोर येतं. मीटर नुसता वरून टेकवून ते कधीच कळणार नाही.

प्रत्यक्ष जागेवर मात्र क्रम वेगळा. पुराचं पाणी म्हणजे गटाराचं पाणी, एस५०० च्या भाषेत तिसऱ्या वर्गाचं. गमबूट आणि हातमोजे घातल्याशिवाय आत जायचं नाही, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) भीती खरी आहे. मेन स्विच बंद. भिजलेल्या वायरिंगला ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावून एक मेगओहमच्या खाली आकडा आला तर ती लाइन चालू करायची नाही. यंत्रांसाठी ३० मिलिअँपिअर आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच) असलेला वेगळा बोर्ड. गाद्या, जिप्सम बोर्ड, एमडीएफ, फुगलेलं कमर्शियल प्लाय बाहेर. गाळ खरवडून साबणपाण्याने धुवायचा, आणि त्यानंतरच टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचं पाणी. गाळावरच क्लोरीन ओतलं तर ते गाळच खाऊन टाकतो. हे सगळं होण्याआधी ब्लोअर लावला, तर घाण वरच्या मजल्यापर्यंत उडते.

मग खोली प्लॅस्टिकने बंद करायची. दाराच्या फटी, बाथरूमच्या काचपट्ट्या, एक्झॉस्टचं भोक सगळ्यांना आठवतं. नहाणी ट्रॅप, म्हणजे मोरीच्या जाळीखालचा पाणी धरणारा सापळा, कोणाला आठवत नाही. कोरड्या, गरम हवेने त्यातलं पाणी उडून जातं, मग ड्रेनेजचा वास आणि ओली हवा थेट आत. रोज सकाळी तांब्याभर पाणी ओता किंवा तोंड टेपने बंद करा. ब्लोअर भिंतीच्या पायथ्याशी, हवा भिंतीला घासत जाईल असा थोडा तिरका, सगळे एकाच दिशेने. साधारण ५० ते ७० चौरस फूट ओल्या जमिनीमागे एक धरतात. पण तो पृष्ठभाग ओला असेपर्यंतच. पाणी विटेच्या पोटात मागे सरकलं की वाऱ्याने काही होत नाही. निम्मे ब्लोअर काढावेत, वीजबिल वाचतं. पुढचं काम कोरडी हवा, थोडी उष्णता आणि वेळ यांचं. पुट्टी आणि इमल्शन पट्ट्यांत खरवडावं, पोकळ वाजणारं प्लास्टर पाडावं. चोळलं की पांढरा क्षार निघत असेल, तर कोरड्या ब्रशने झाडावा. धुतला तर परत आत जातो.

थांबायचं कधी? पुस्तकातला आकडा इथे घेऊ नये. भर पावसात कोकणातलं न भिजलेलं सागवानी दारसुद्धा १६-१८ टक्के दाखवतं. तळमजल्याची चौकट १० वर आणायच्या नादात ती तडकते. वरच्या मजल्यावरच्या कोरड्या खोलीत, त्याच दिवशी, त्याच मीटरने, त्याच लाकडावर आणि तशाच भिंतीवर वाचन घ्यायचं, तेच लक्ष्य. ते गाठलं की यंत्रं बंद करून खोली ४८ तास तशीच बंद ठेवायची आणि त्याच भोकांशेजारी पुन्हा भुगा काढायचा. पोटातलं पाणी पुढे आलं असेल तर आकडा चढतो, आणि यंत्रं परत लावावी लागतात. चढला नाही तर यंत्रं न्यावीत, पण खालच्या दीड मीटरला दिवाळीपर्यंत पुट्टी किंवा ऑइलपेंट लावणार नाही असं घरमालकाकडून लिहून घ्यावं. घाई असेल तर चुना लावावा.