आफ्रो-आशियाई म्हणजे नक्की कोण?

आफ्रो-आशियाई हा शब्द ऐकला की आमच्या वयाच्या लोकांना २००३ ची हैदराबादची क्रीडा स्पर्धा आठवते, पण खरं वजन त्याला आलं ते बांडुंगच्या परिषदेमुळे. एप्रिल १९५५, इंडोनेशिया, २९ देश, नेहरू, इजिप्तचे नासेर, चीनचे चाऊ एन-लाय सगळे एकत्र. त्यात आफ्रिकेचे फक्त ६ देश, कारण बाकीचा बराचसा खंड तेव्हा गोऱ्यांच्याच ताब्यात होता, आणि गोल्ड कोस्टला (आजचा घाना) तर अजून स्वातंत्र्यही मिळालं नव्हतं तरी त्यांची माणसं आली होती, हे मला लय भारी वाटतं.

आणि आपण गोंयकार तेव्हा कुठे? पोर्तुगालच्या खाली, मोझांबिक आणि अंगोलासारखेच. म्हणजे कागदावर नसलो तरी आपण आफ्रो-आशियाईच की! आपण १९६१ ला सुटलो, मोझांबिकला १९७५ उजाडलं. गोव्यातल्या बार्देशात जन्मलेले आकिनो द ब्रागांसा मोझांबिकच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या फ्रेलिमो संघटनेच्या लढ्यात होते, १९८६ मध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांच्याबरोबर विमान अपघातात गेले, आणि शाळेत आम्हाला हे नाव कोणी सांगितलं नाही.

बाय द वे, भाषावाल्यांचं आफ्रो-आशियाई वेगळं बरं का. ते अरबी, हिब्रू, अम्हारिक, सोमाली, हौसा यांचं कुटुंब, त्यात कोंकणी-मराठी येत नाही. गुगल केलं की दोन्ही एकत्र येतात आणि डोक्याचा भुगा होतो.