तक्रार अर्जात नेमके शब्द का हवेत

पुण्यात ईशान्य भारतातून आलेल्या मुलामुलींना मिळणाऱ्या वागणुकीचा विषय निघाला, की वंशभेद अमेरिकेत किंवा दक्षिण आफ्रिकेत असतो, आपल्याकडे फार तर थट्टामस्करी चालते, असे सुशिक्षित माणसेही मनापासून सांगतात. ज्याची थट्टा होते त्याचा अनुभव वेगळा असतो. फोनवर रिकामा असलेला फ्लॅट चेहरा पाहताच 'कालच गेला' होतो. एजंट डिपॉझिट वाढवून सांगतो. आणि जागा मिळालीच, तर स्वयंपाकाच्या वासाची तक्रार सोसायटीच्या बैठकीत पोहोचते. ज्यांच्या स्वतःच्या घरी रविवारी सुके बोंबील भाजले जातात, त्यांनाही शेजारच्या आखुनीचा (आंबवलेल्या सोयाबीनचा) किंवा आंबवलेल्या बांबूच्या कोंबांचा वास असह्य वाटतो, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

ही थट्टा कुठवर जाऊ शकते, हे जानेवारी 2014 मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात दिसले. अरुणाचल प्रदेशातील निडो तानिया या विद्यार्थ्याच्या केसांवरून एका दुकानात टिंगल झाली, तीतून मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. पुण्यालाही यातून अंग काढून घेता येणार नाही. ऑगस्ट 2012 मध्ये येथे ईशान्येकडील तरुणांना मारहाण झाली आणि मोबाइलवरून पसरलेल्या अफवांमुळे अनेकांनी भीतीने गुवाहाटीची गाडी पकडली.

गेल्या वर्षी मणिपूरमधील उखरुलच्या एका तांगखुल नागा सहकारी मुलीबरोबर मी पोलीस चौकीत गेले होते. तिच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये एका रहिवाशाने चारचौघांदेखत तिच्या डोळ्यांवरून शेरे मारले आणि 'तुझ्या देशात परत जा' असे सुनावले. अंमलदाराने आम्हांला नीट बसवले, पाणी दिले आणि लिहून घेतले, की पार्किंगच्या कारणावरून शाब्दिक वाद झाला. तिला मराठी वाचता येत नसल्यामुळे मी तो मजकूर तिला वाचून दाखवला. ती एवढेच म्हणाली, "दीदी, पार्किंग का तो झगड़ा ही नहीं था."

अंमलदाराने लिहिलेल्या त्या एका ओळीने प्रकरणाचा पाया बदलला असता. नुसत्या शाब्दिक वादाची अदखलपात्र म्हणून नोंद होते आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपासही करू शकत नाहीत. म्हणून आम्ही स्वतंत्र अर्ज लिहिला. कोणते शब्द उच्चारले गेले ते ज्या भाषेत उच्चारले गेले त्याच भाषेत, अवतरणचिन्हांत, कितीही ओंगळ वाटले तरी जसेच्या तसे. जागा, वेळ आणि तेथे उभ्या असलेल्यांची नावे. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. प्रकरण अजून चालू असल्याने त्याविषयी अधिक लिहीत नाही. परंतु त्या निमित्ताने कायद्याचे जे समजले, ते इतरांच्या उपयोगी पडावे.

पीडित व्यक्ती अनुसूचित जमातीची असेल आणि आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नसेल, तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो. त्यासाठी अपमान हेतुपुरस्सर आणि लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो. बंद दाराआडचे बोलणे त्यात सहसा बसत नाही, पार्किंग बसू शकते. 'ही जमात महाराष्ट्राच्या यादीत नाही' असे सांगून परत पाठवले, तर 2023 मधील मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा निकाल दाखवावा. एका राज्यात अनुसूचित असलेल्या व्यक्तीला या कायद्याचे संरक्षण गुन्हा घडेल त्या राज्यातही मिळते, असे त्यात स्पष्ट केले आहे.

मणिपूरमधील बहुतेक मैतेई किंवा बहुसंख्य असमिया मुले अनुसूचित जाती-जमातींत येत नसल्यामुळे त्यांना मात्र ही वाट बंद आहे, आणि खरा दोष येथेच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 मध्ये वंशाचा उल्लेख असला, तरी त्याचा रोख दोन गटांत वैर पसरवण्यावर आहे. जिन्यात एकट्या मुलीला हिणवणाऱ्यावर ते लावणे कठीण जाते. निडो तानियाच्या मृत्यूनंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने 2014 मध्येच यासाठी स्वतंत्र कलमे सुचवली होती. पुढे संपूर्ण दंडसंहिता बदलली, 1 जुलै 2024 पासून नवी संहिता लागूही झाली, तरी ती कलमे आली नाहीत. याला मी विसर म्हणणार नाही, अनास्थाच म्हणेन.

तक्रार नोंदवून घेण्यास ठाण्यात नकार मिळाला, तर तीच तक्रार लेखी स्वरूपात पोलीस उपायुक्तांकडे पाठवता येते. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी 15100 हा क्रमांक आहे. तातडीच्या प्रसंगी 112. दिल्लीत ईशान्येकडील नागरिकांसाठी 1093 ही वेगळी हेल्पलाइन आहे. झोप उडाली, बाहेर पडण्याची धास्ती वाटू लागली, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर विनाशुल्क बोलता येते. परंतु पहिल्या रात्री माणसाला बहुधा आपल्या भाषेत बोलणारे कोणी हवे असते. पुण्यात नागा, मणिपुरी आणि मिझो विद्यार्थ्यांच्या संघटना आहेत, आणि कोणत्या ठाण्यात कोणाला भेटावे हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

राहता राहिला साक्षीदारांचा प्रश्न. आमच्या प्रकरणात वॉचमनने जबाब देण्याचे टाळले आणि मी त्याला दोष देत नाही, कारण एजन्सी त्याला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या साइटवर पाठवू शकते. जबाब दिला तो दुसऱ्या मजल्यावरील एका निवृत्त काकांनी, तोही आपण होऊन. ज्यांच्या नोकरीला आणि घराला धोका नाही अशा रहिवाशांनीच हे काम अंगावर घ्यावे. आणि पदाधिकाऱ्यांनी सीसीटीव्हीचे त्या वेळचे चित्रण त्याच दिवशी उतरवून ठेवावे, कारण बहुतेक सोसायट्यांच्या यंत्रणेत जुन्या चित्रणावर काही दिवसांतच नवे चढते.